चाकांवरचे बिऱ्हाड : बेताच्या ऐपतीत पहिली गाडी निवडताना

पुणे-सोलापूर महामार्गावर, सोलापूरच्या सुमारे 35 किलोमीटर अलीकडे वसलेले नागनाथाचे मोहोळ हे प्रवासाच्या दृष्टीने मोठ्या मोक्याचे ठिकाण आहे. पंढरपूर येथून सुमारे 40 किलोमीटर. सोलापूर ओलांडले की एका अंगाला तुळजापूर, दुसऱ्या अंगाला अक्कलकोट, सरळ पुढे गेल्यास नळदुर्गाचा किल्ला आणि दक्षिणेस वळल्यास विजापूरचा गोलघुमट. शिवाय दिवेघाटाकडून निघालेला श्रीसंत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 965, पंढरपुरावरून येऊन मोहोळासच मिळतो. अशा गावी राहणाऱ्या कुटुंबाच्या मनात, सुगी आटोपली आणि शाळांना सुट्टी लागली की आपलीच एखादी झोपण्या-शिजवण्याची सोय असलेली गाडी असावी, वृद्धांस वाटेल तेथे थांबता यावे, मुलांस वाटेल तेथे उतरता यावे, आणि लॉजच्या दारात खोलीच्या दरावरून घासाघीस करण्याचा प्रसंग येऊ नये, अशी इच्छा उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. शासनानेही 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर करून या हौसेस अधिकृत मान्यतेचा टिळा लावला आहे. परंतु धोरण निघाले म्हणून ऐपत वाढत नाही. आणि ज्या गृहस्थाने सारी पुंजी तीन-चार लाखांच्या आत बसवावयाची आहे, त्याने या व्यवहारात कोठे हात सैल सोडावा व कोठे आखडावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक हिशेब मांडावा, कारण गाडी पाहावयास गेल्यानंतर हिशेब सुचत नाही. समजा चार लाखांची गाडी घेतली आणि पाच वर्षांनी ती दोन लाखांस विकली, तर दोन लाखांची घट आली. नोकरी, शेती, मुलांच्या परीक्षा आणि सोयरसुतक यांतून वर्षाकाठी खरोखर दहा रात्री जरी बाहेर काढता आल्या, तरी पाच वर्षांत पन्नास रात्री होतात, आणि ती घट त्यांवर वाटली असता दर रात्रीस 4000 रुपये पडतात. इंधन, विमा आणि दुरुस्ती निराळीच. आता हे मनात धरून पाहावे की पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, शेगाव या क्षेत्री भक्तनिवासांची सोय आहे आणि तेथील खोलीचे भाडे या रकमेच्या आसपासही जात नाही. म्हणजे केवळ झोपण्यासाठी गाडी घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. हा व्यवहार अंगाशी येऊ नये असे वाटत असेल तर ती गाडी उरलेले साडेतीनशेहून अधिक दिवस घरच्या उपयोगी पडली पाहिजे: बाजारहाट, लग्नसराई, शेतावरची ये-जा, आजाऱ्यास सोलापुरास नेणे, यांसाठी. आणि हे साधावयाचे तर गाडीतील बिऱ्हाड असे असावे की ते सकाळी चढवावे, प्रवासाहून परतल्यावर संध्याकाळी उतरवून माळ्यावर ठेवावे. खिळ्यांनी ठोकलेले, वेल्डिंगने जखडलेले घर ज्या गाडीत एकदा शिरले, ती गाडी दुसऱ्या कोणत्याच कामास उरत नाही. माझे सारे सांगणे या एका गोष्टीभोवती फिरते.

परदेशातील पद्धत येथे उपयोगी पडत नाही. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल-वैद्याने 1885 साली ‘वाँडरर’ ही घोड्यांनी ओढावयाची विलासी घरगाडी बांधवून घेतली, आणि पुढे त्या देशांत मोटारीच्या मागे जोडून ओढण्याच्या घरांची प्रथा रूढ झाली. पण तेथे मोटारीही तशा शक्तीच्या, आणि रात्री उभे राहावयास पाणी, वीज व मलनिस्सारण यांनी युक्त असे तळही जागोजाग. आपल्याकडे असे तळ विरळ, ओढावयाच्या जोडगाडीची नोंदणी निराळी, घाटात ती मागे घेण्याची कसरत निराळी. आणि पंढरपुरातील प्रदक्षिणा मार्गालगतच्या गल्लीत अशी जोडगाडी अडकली म्हणजे चालकाची जी अवस्था होईल तिची कल्पना ज्याची त्याने करावी. तेव्हा पहिल्या खरेदीत ओढावयाच्या घराचा विचार बाजूस ठेवावा, आणि स्वतःच्या इंजिनावर चालणारी एकसंध गाडीच पाहावी.

येथे कायद्याचा भाग थोडक्यात पण नीट ध्यानात घेतला पाहिजे. खासगी वापरासाठी असलेल्या कॅम्पर व्हॅनला केंद्र सरकारच्या 2004 सालच्या अधिसूचनेने बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत स्थान दिले आहे; म्हणजे अशी गाडी ठेवणे हा काही चोरटा मामला नव्हे. मात्र साधी व्हॅन विकत घेऊन गावच्या सुताराकडून आणि गॅरेजवाल्याकडून तिचे घर बनवावयाचे, हा मामला निराळा आहे. मोटार वाहन कायदा 1988 याच्या कलम 52 अन्वये कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा फेरफार मालकास परस्पर करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. आसने उपटून टाकणे, छप्पर कापून उंच करणे, पत्रा फाडून खिडकी बसवणे, हे सारे या कक्षेत येते. दंडापेक्षाही मोठे भय विम्याचे आहे. कारण नोंदणीपत्रातील गाडी एक आणि रस्त्यावरील गाडी दुसरीच असली, तर अपघातानंतर विमा कंपनीस दावा नाकारावयास आयते निमित्त मिळते. कुणास पक्के, कायमचे घर बांधूनच हवे असेल, तर त्याने मोटार कॅराव्हॅनसाठी ठरलेल्या एआयएस-124 या मानकाप्रमाणे मान्यता मिळालेली गाडीच घ्यावी. पण ती आपल्या चार लाखांत येत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. याउलट, जागच्या जागी दुमडणाऱ्या आसनांवर रात्री मांडावयाची फळी, तिच्यावर घालावयाची गादी, हाती उचलून नेता येणारी शेगडी आणि पाण्याचा जार, हे सारे केवळ सामान होय. बेताच्या ऐपतीचा मार्ग आणि कायद्याचा मार्ग येथे एकत्र येतात, हे आपले सुदैव.

आता गाड्यांच्या जातींकडे वळू. एके काळी बजाज टेम्पोची मॅटडोर ही महाराष्ट्रातील वऱ्हाडांची आणि यात्रांची गाडी होती, आणि त्याच कंपनीने पुढे 1987 च्या सुमारास काढलेली टेम्पो ट्रॅव्हलर आजही घरगाड्या बांधणाऱ्यांची आवडती आहे. कंपनीचे नाव 2005 मध्ये फोर्स मोटर्स झाले तरी लोकांच्या तोंडी ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ हेच राहिले. ती प्रशस्त आहे, उंच छपराच्या प्रकारात माणूस ताठ उभा राहू शकतो. परंतु ती मोहोळच्या बाजारपेठेत आणि घरासमोरच्या बोळात रोज वागवावयाची गाडी नव्हे, आणि जुन्या बाजारात मिळणाऱ्या ट्रॅव्हलर बहुधा पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याच्या धंद्यात राबलेल्या असतात. पिवळ्या पाटीची गाडी खासगी करून घ्यावयाची तर परिवहन कार्यालयाची मंजुरी, कराचा फरक आणि हेलपाटे आलेच. परवान्याची चिंता मात्र फारशी नको: साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा पक्के केले आहे.

तुफान, क्रूझर या गाड्या यात्रेकरूंच्या ओळखीच्या. इंजिन चिवट, सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि खडीच्या रस्त्यास त्या डगमगत नाहीत. पण पायरी उंच असल्याने गुडघेदुखीच्या आजीबाईंस प्रत्येक थांब्यावर दोघांनी धरून चढवावे लागते. आणि ज्या प्रवासाचे निमित्तच बहुधा आजीबाईंचे देवदर्शन, त्यात हा दोष लहान मानता येत नाही. या बाबतीत 2007 साली आलेली टाटा विंगर सरस आहे. तिला पुढल्या चाकांवर ओढ असल्याने मागे जाणारा दांडा नाही, आणि त्यामुळे तळ खाली राहतो. सहा माणसांच्या कुटुंबास मला हीच पसंत पडते, अट एवढीच की ती रुग्णवाहिका म्हणून किंवा कारखान्याच्या कामगारांची ने-आण करण्यात झिजलेली नसावी. चौघांच्या कुटुंबास मात्र मारुतीची ईको पुरेशी आहे. 1984 ते 2019 पर्यंत चाललेल्या ओम्नीची ती थोरली बहीण; सरकत्या दारांमुळे अरुंद जागेतही चढउतार सोपी, पेट्रोलचे इंजिन साधे, आणि पाच आसनांच्या प्रकारात मागे मोकळी जागा भरपूर. इंजिन पुढल्या आसनांखाली असल्याने उन्हाळ्यात चालकाची बैठक तापते, हा तिचा उणेपणा. यांपैकी कोणतीही गाडी पाहताना मोजपट्टी बरोबर न्यावी, पुढील आसने पुढे सरकवून आणि मागील दुमडून, दार बंद केल्यावर आत लांबी किती उरते ते मोजावे, आणि घरातील सर्वांत उंच माणसास तेथे प्रत्यक्ष निजवून पाहावे. विक्रेता हसला तरी हरकत नाही. सहा फुटांखाली लांबी असेल तर मोठ्या माणसास रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन झोपावे लागते.

जागेपेक्षाही ज्या गोष्टीकडे नवखे लोक कानाडोळा करतात ती गोष्ट म्हणजे वजन. घरगाडी म्हटले की पलंग, कपाट, ओटा, पाण्याची टाकी असे मनोराज्य सुरू होते आणि ते सारे चार चाकांवर टेकणार आहे याचा विसर पडतो. गाडीचे रिक्त वजन नोंदणीपत्रात असते, कमाल भारित वजन कारखान्याच्या पाटीवर किंवा माहितीपुस्तिकेत असते, आणि या दोहोंतील अंतर हीच काय ती आपल्या संसाराची मर्यादा; लहान व्हॅनमध्ये ती साधारण पाच-सहाशे किलोंची असते. आता आजी-आजोबा, पती-पत्नी आणि दोन मुले यांचेच मिळून तीनशे-सव्वातीनशे किलो भरतात. पाण्याचे वीस लिटरचे दोन जार म्हणजे 40 किलो, अंथरूण-पांघरूण 30, कपड्यांच्या पिशव्या 40, भांडी आणि शिधा 25, झोपावयाच्या फळ्या 40, बॅटरी 30, पाच किलोचा लहान गॅस सिलिंडर टाकीसकट बारा-तेरा, आणि जॅक-पाने-दोर मिळून 10. ही बेरीज साडेपाचशेच्या घरात जाते; म्हणजे अद्याप कपाट आले नाही, ओटा आला नाही, आणि परतीच्या वाटेवर कुणी स्नेह्याने आग्रहाने दिलेले ज्वारीचे पोतेही आले नाही, तोच मर्यादा संपली. सहाजणांच्या कुटुंबास लहान व्हॅन नको असे मी म्हणतो ते याच कारणाने.

मोहोळ तालुक्यातील वाचकांस या बाबतीत एक सोय अशी आहे की जी पुण्या-मुंबईच्या माणसास शोधावी लागेल. टाकळी सिकंदरच्या भीमा सहकारी साखर कारखान्यापासून महामार्गाच्या कडेच्या खासगी काट्यांपर्यंत, उसाच्या या मुलखात वजनकाट्यांस तोटा नाही. गळिताच्या हंगामात उसाच्या वाहनांची रांग असते, म्हणून एखादी निवांत वेळ पाहून खासगी काट्यावर जावे. किरकोळ आकारात पावतीसकट वजन मिळते. प्रथम फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग संपूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. तीन आकडे हाती आले की भार कोठे पडतो ते कळते. बहुधा तो मागे पडलेला असतो, कारण बिऱ्हाड मागे रचण्याची सर्वांस सवय. मागील भार फाजील झाला की पुढची चाके हलकी होतात, सुकाणू पोकळ लागते, आणि टेंभुर्णीच्या बाजूने भरधाव येणाऱ्या कंटेनरचा वारा अंगावर आला असता गाडी झोल खाते. जड वस्तू, विशेषतः पाणी आणि बॅटरी, दोन चाकांच्या मधल्या भागी आणि तळाशी ठेवावी. छपरावर ताडपत्री व गाद्यांपलीकडे काही चढवू नये. टायरच्या कडेवर गोलात छापलेले चार अंकही याच वेळी पाहून घ्यावेत: 2319 असे असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. वरची नक्षी कितीही ताजी दिसली तरी सहा-सात वर्षांपूर्वीचा टायर, मे महिन्यातील तापलेला डांबरी रस्ता आणि पूर्ण भार हे त्रिकूट एकत्र येऊ देऊ नये.

उष्म्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलावे. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 अंशांपर्यंत जातो, आणि पत्र्याच्या गाडीत दुपारी बसणे हे तापल्या तव्यावर बसण्यासारखेच आहे. रात्री दहापर्यंतही तो पत्रा निवत नाही. तेव्हा हा प्रवास कार्तिकीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा, फार तर गुढीपाडव्यापर्यंतचा, असे मनाशी ठरवूनच गाडी घ्यावी. पावसाळ्यातही सुट्टीच द्यावी, कारण रस्ता सोडून काळ्या मातीत दहा हात आत गेलेली भरली गाडी ट्रॅक्टर आल्याविना बाहेर निघत नाही. ‘आमच्या गाडीत वातानुकूलन आहे, आम्हांस उन्हाळ्याचे काय?’ असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे गणित. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी कागदोपत्री 1200 वॉट-तास वीज साठवते. शिशाच्या बॅटरीतून तिचे आयुष्य न घटवता निम्मीच, म्हणजे सहाशेच्या आसपास, काढावी. पंधरा वॉटचे दोन लहान पंखे आठ तास चालले तर 240, पाच वॉटचे दोन दिवे चार तास जळले तर 40, चार मोबाइल भरण्यास 60. एकूण 340, आणि रात्र सुखात जाते. तीच बॅटरी एक टनाच्या वातानुकूलन यंत्रास जोडली तर ती अर्ध्या-पाऊण तासात बसते. ज्यांस शंभर वॉटचे सौर पटल छपरावर अंथरता येईल, त्यांची पंखे-दिव्यांची गरज हिवाळ्यातील सोलापुरी ऊन भागवते. बॅटरी दुसऱ्या दिवशी भरण्यास यापरती स्वस्त तजवीज नाही.

उरला मार्ग इंजिन किंवा जनित्र रात्रभर चालू ठेवून गारव्यात झोपण्याचा, आणि त्याविरुद्ध जितके निक्षून सांगावे तितके थोडेच. डिसेंबर 2024 मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याने ते झाले असे तपासात निघाले. या वायूस रंग नाही, वास नाही, आणि निद्रिस्तास तो जागे होण्याची संधी देत नाही. म्हणून उभ्या गाडीत झोपताना इंजिन बंद, जनित्र नाहीच, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटे उघड्या, त्यांस मच्छरदाणीचे कापड लावलेले, हा नियम घरातील कर्त्या माणसाच्या इच्छेवर सोडू नये. स्वयंपाकही गाडीबाहेर, मागील दार वर उचलून त्यास ताडपत्रीचा आडोसा करून, तेथेच व्हावा. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळाला तर तळाशी साचतो आणि वर नाकास चटकन कळत नाही. सिलिंडर उभा, बांधलेला, आणि प्रवासात रेग्युलेटर काढून टोपी लावलेला असावा.

पाण्याचे कोडे सोपे आहे, शौच-स्नानाचे नाही. आणि हा प्रश्न पुरुषमंडळी नेहमी ‘पाहू पुढे’ म्हणून टाळतात, त्याचा भुर्दंड मात्र घरातील बायकांना पहाटे चार वाजता सोसावा लागतो. गाडी ठरवण्यापूर्वी मुक्कामाच्या जागा ठरवाव्यात. पर्यटन विकास महामंडळाच्या निवासांचे आवार, 2020 च्या धोरणानंतर नोंदणी घेतलेली कृषी पर्यटन केंद्रे, देवस्थानांचे वाहनतळ, आणि नित्य वर्दळीचे, स्वच्छ प्रसाधनगृह राखणारे पेट्रोलपंप, या क्रमाने मी पसंती देईन. आधी फोन करून परवानगी घ्यावी, दोन पैसे द्यावे लागले तर द्यावेत. यात्राकाळात पंढरपुरात वाहने गावाबाहेरच अडवली जातात, तेव्हा आषाढी-कार्तिकीस घरगाडीने दाराशी जाण्याचे स्वप्न पाहू नये. खिडक्यांसाठी महागड्या पडद्यांचे कारण नाही. सोलापुरी चादरीच्या कापलेल्या पट्ट्या आणि शिवलेल्या दोऱ्या पुरतात, मात्र त्या मुक्कामी पोचल्यावरच लावाव्यात. काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2012 सालीच मनाई केली आहे, तेव्हा विक्रेत्याने ती लावून ठेवली असेल तर ती खरडून काढण्याची मजुरीही भावात धरावी.

आता गाडीची प्रत्यक्ष पाहणी. ती सकाळी, उजेडात, इंजिन थंड असताना करावी, आणि विक्रेत्यास तसे आदल्या दिवशीच बजावून ठेवावे. आपण पोचण्यापूर्वी त्याने ती ‘जरा फिरवून आणली’ असेल तर त्या दिवशी परत यावे. इंजिन सुरू होताना निळसर धूर आला तर ऑईल जळते आहे, काळा आला तर इंधन नीट जळत नाही, आणि पांढरा धूर थांबेचना, त्यात रेडिएटरमधील पाण्यावर तेलाचा तवंग असला, तर ती गाडी कितीही स्वस्त असो, तिला हात जोडावेत. पायाखालचे गालिचे उचलून पत्रा बोटाने दाबून पाहावा. सरकत्या दाराची खालची पन्हळ, मागील चाकांच्या कमानी आणि जादा चाकाखालची जागा येथे गंज प्रथम धरतो. चासी क्रमांक गाडीवर कोरलेला आणि नोंदणीपत्रातील, असे दोन्ही अक्षरशः जुळवून पाहावेत, आणि त्या भागी अलीकडचा रंग दिसला तर कारण विचारावे.

पुरातून निघालेल्या गाड्यांविषयी या जिल्ह्यात विशेष दक्षता हवी. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेले, सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या महापुराने आपल्याच माढा-मोहोळ भागात हाहाकार केला. अशा पुरांत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून, अत्तर मारून बाजारात येतात. त्या ओळखण्याची एक सोपी खूण आहे. मागील आसनाचा सुरक्षापट्टा अगदी शेवटपर्यंत, थांबेपर्यंत बाहेर ओढावा. रोज कुणी तो इतका ओढत नाही, त्यामुळे धुणाऱ्याचा हातही तेथवर पोचलेला नसतो. पट्ट्याच्या आतल्या टोकास मातकट डागाची सरळ रेघ दिसली तर पाणी तेथवर चढले होते. तसेच आसनांच्या रुळांत बोट फिरवून बारीक गाळ लागतो का ते पाहावे, आणि बंद काचांमागे कुबट वास येतो का तेही पाहावे. पुरात बुडालेल्या गाडीचे इंजिन दुरुस्त होऊ शकते, पण तिच्या विजेच्या तारांचे जाळे पुढील चार वर्षे मालकास सतावते, आणि ते रात्री, आडरानात, मुले झोपली असताना.

पाहणीस ओळखीचा मेकॅनिक बरोबर असावा. परंतु तो विक्रेत्याने सुचवलेला नसावा, आणि त्याची मजुरी आपण द्यावी, म्हणजे त्याची निष्ठाही आपल्याकडे राहते. जवळ चार लाख असतील तर गाडीची बोली सव्वातीन लाखांवर थांबवावी. उरलेल्यातून टायर, बॅटरी, ब्रेक, विमा, नामांतराचे शुल्क आणि बिऱ्हाडाच्या फळ्या-गाद्या निघाल्या पाहिजेत. आणि हे सर्व करण्यापूर्वी, शक्य असल्यास, त्याच जातीची गाडी चालकासह दोन दिवस भाड्याने घेऊन अक्कलकोट-गाणगापूर अशी एक फेरी करावी आणि एक रात्र तीतच काढावी. कित्येकांची हौस त्या एका रात्रीत फिटते आणि तीन-चार लाख वाचतात. पुढे हौस म्हणून वर्षातून काही दिवस गाडी इतरांस भाड्याने द्यावी असा विचार मनात असेल, तर पांढऱ्या पाटीवर ते चालणार नाही, हेही आताच जाणून असावे.

कागदपत्रांत गाडीवर बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा आहे का, तो फिटला असल्यास नोंदणीपत्रातून उतरवला आहे का, आणि थकीत चलने किती, याची खातरजमा परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः करावी; विक्रेत्याच्या तोंडी हमीवर विसंबू नये. खासगी गाडीची मूळ नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. तेव्हा तेरा-चौदा वर्षे वयाची गाडी स्वस्तात मिळाली तर त्या नूतनीकरणाचा खर्च आणि तोपर्यंत करावी लागणारी पत्र्याची डागडुजी किमतीतून वजा करून मगच आकडा बोलावा. विक्री झाल्यावर राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने 14 दिवसांच्या आत व खरेदीदाराने 30 दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते, आणि विमाही 14 दिवसांत आपल्या नावे करून घ्यावयाचा असतो. नमुना 29 व 30 वर सह्या घेतल्याखेरीज पूर्ण रक्कम हातावेगळी करू नये.

इसार देताना साध्या कागदावर का होईना, इसारपावती करावी, आणि तीत दोन्ही पक्षांची नावे, गाडीचा नोंदणी क्रमांक, चासी व इंजिन क्रमांक, किलोमीटरचा आकडा, ठरलेली किंमत, दिलेला इसार, बाकी रक्कम देण्याची मुदत, आणि कागदांत खोट निघाल्यास इसार परत मिळेल ही अट, इतका तपशील यावा. ताब्यात घेतेवेळी दुसरी पावती करून तीत तारखेबरोबर वेळही, तास-मिनिटांसह, लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. कारण त्या क्षणापूर्वीचे चलन आणि अपघात विक्रेत्याचे, त्यानंतरचे आपले.